बियाणे, विद्यापीठ आणि कंपनी

शेतीशास्त्र हे लोकांच्या पैशावर आणि लोकांच्या विश्वासावर उभे राहिलेले शास्त्र आहे. आपल्या सीमाभागातील शेतकरी निपाणीकडे तंबाखू व ऊस पिकविणारा असो, की बेळगावच्या आसपास भाजीपाला काढणारा असो, विद्यापीठातून आलेले बी तो 'सरकारी बी' म्हणून निःशंकपणे पेरतो. त्या बियामागे कोणाचा पैसा आहे आणि त्यावर कोणाची मालकी आहे, असा प्रश्न पूर्वी त्याला पडण्याचे कारण नव्हते. गेल्या पाव शतकात तो प्रश्न उत्पन्न झाला आहे, आणि त्याचे एक प्रमुख उदाहरण आपल्या शेजारी धारवाडलाच घडले आहे. म्हणून या विषयाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम पूर्वपीठिका पाहू. १९७२ साली धारवाडच्या संशोधनातून 'वरलक्ष्मी' हा संकरित कापूस पुढे आला. दोन भिन्न जातींच्या संकरातून लागवडीस योग्य असे वाण देणारे ते काम जगात वाखाणले गेले. ते सर्वस्वी सार्वजनिक पैशातून झाले होते. परंतु संकरित बियाण्याचा एक गुणधर्म लक्षात घ्यावा लागतो. त्याच्या पिकातून घेतलेले बी पुढील वर्षी पेरले, तर मूळचे गुण टिकत नाहीत; म्हणून शेतकऱ्याला दरवर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. जे दरवर्षी विकत घ्यावे लागते, त्याभोवती व्यापार उभा राहणे स्वाभाविक होते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात स्थापन केलेली 'महिको' ही कंपनी याच काळात वाढली. तिने चांगले बी गावोगाव पोहोचविले, हे मान्य करावयास हवे.

जैवतंत्रज्ञानाने या चित्रात नवी गोष्ट आणली. मातीत आढळणाऱ्या 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' या जिवाणूच्या अंगी एक विशिष्ट प्रथिन तयार होते. अळीच्या आतड्यातील अल्कधर्मी द्रवात ते विरघळून कार्यान्वित होते, आतड्याच्या भित्तिकेस छिद्रे पाडते आणि अळी मरते. हे प्रथिन घडविणारे जनुक वनस्पतीत घातले की झाड स्वतःच ते प्रथिन तयार करते. यालाच संक्षेपाने 'बीटी' म्हणतात. भारतात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. आपल्या पेटंट कायद्यात वनस्पती व बियाणे यांवर पेटंट मिळत नाही. परंतु प्रयोगशाळेत रचलेल्या जनुकावर हक्क सांगितला जातो. परिणामी एकाच बियात दोन धनी आले: वाण एकाचे, त्यात घातलेले जनुक दुसऱ्याचे.

बीटी वांग्याच्या प्रकरणात नेमके हेच घडले. शेंडे व फळे पोखरणारी अळी हा वांग्याचा मोठा शत्रू असून तिच्यासाठी शेतकरी वारंवार औषध फवारतो. यावर उपाय म्हणून अमेरिकी शासनाच्या साहाय्याने आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या पुढाकाराने एक प्रकल्प आखला गेला. त्यात महिकोने जनुक पुरवावे आणि धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ, कोइमतूरचे तमिळनाडू कृषी विद्यापीठ यांसारख्या संस्थांनी ते स्थानिक वाणांत उतरवावे, अशी योजना होती. धारवाडकडील वाणांत 'मांजरी गोटा', 'रबकवी लोकल', 'उडुपी लोकल' यांच्याबरोबर 'कुडची लोकल' हेही होते. कुडची हे नाव आपल्याच जिल्ह्यातील आहे. पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्यांनी निवडून जपलेले हे वाण. त्यांच्या उपयोगाबद्दल कोणाला विचारले, हा प्रश्न पुढे यायचाच होता.

२००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार परकीय भागभांडवल असलेल्या कंपनीस देशी जैविक संपत्ती वापरण्यापूर्वी राष्ट्रीय प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागत असे. ती न घेता वांग्याचे वाण वापरल्याची तक्रार बंगळूरच्या 'एन्व्हायर्न्मेंट सपोर्ट ग्रुप' या संस्थेने २०१० साली कर्नाटक जैवविविधता मंडळाकडे केली. २०१२ साली प्रकरण धारवाडच्या न्यायालयात गेले. संबंधितांनी आरोप नाकारले. न्यायनिवाडा हा न्यायालयाचा विषय आहे; आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की सार्वजनिक विद्यापीठ आणि खाजगी कंपनी एकाच आरोपाखाली एकत्र उभ्या राहिल्या. दरम्यान, ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्रीय समितीने बीटी वांग्यास अनुकूलता दर्शविली होती. तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी तिला स्थगिती दिली. भारतात बीटी वांग्याच्या व्यापारी लागवडीस त्यानंतर परवानगी मिळालेली नाही. बांगलादेशाने मात्र २०१३ साली ती दिली.

याच्या उलट दिशेचे उदाहरणही धारवाडशी निगडित आहे. 'बिकानेरी नरमा' या कापसाच्या सरळ वाणात बीटी जनुक घालण्याचे काम नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, दिल्लीची एक राष्ट्रीय संस्था आणि धारवाडचे विद्यापीठ यांनी मिळून केले. हा वाण संकरित नसल्याने शेतकऱ्याला घरचे बी ठेवता आले असते. २००९ साली तो शेतात आला. पण त्यात मोन्सँटो कंपनीच्या बीटी कापसाचा जनुकीय अंश असल्याचे आढळले आणि तो मागे घ्यावा लागला. प्रा. सुधीर सोपोरी यांच्या समितीने २०१२ साली आपल्या अहवालात यावर शिक्कामोर्तब केले. कंपनीवर अवलंबून राहू नये म्हणून केलेला प्रयत्न सार्वजनिक प्रयोगशाळांतील शैथिल्यामुळे फसला, ही खेदाची गोष्ट होय. केवळ कंपन्यांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही, हे त्यावरून दिसते.

शास्त्रज्ञ कंपनीकडे का जातो? जनुक-संशोधन आणि सुरक्षिततेच्या चाचण्या अत्यंत खर्चिक असतात, आणि विद्यापीठाचे अनुदान तुटपुंजे असते. सहकार्य हे पाप नव्हे. परंतु त्यात तीन धोके संभवतात. पहिला, संशोधनाचा विषय कोण ठरवितो? ज्याचे बी दरवर्षी विकता येईल, त्या पिकाकडे पैसा वळतो. नाचणी, हुलगा यांसारखी पिके मागे पडतात. दुसरा, परीक्षक कोण? बीटी वांग्याच्या सुरक्षिततेविषयीची बरीच माहिती स्वतः कंपनीने सादर केलेली होती. आपल्याच विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका त्याच्या वडिलांनी तपासावी, असा हा प्रकार होतो; वडील प्रामाणिक असले तरी निकालावर विश्वास बसत नाही. तिसरा, करार कोणाला पाहावयास मिळतो?

उपाय दूरचे नाहीत. विद्यापीठांनी कंपन्यांशी केलेले करार प्रसिद्ध करावेत. चाचण्या तटस्थ संस्थेने कराव्यात. आणि शास्त्रज्ञाने आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करून मगच समितीत बसावे. २००१ च्या वाण-संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा व देवघेव करण्याचा हक्क दिला आहे. जैवविविधता कायद्याने गावोगावी व्यवस्थापन समिती नेमून स्थानिक वाणांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली आहे. ही माहिती सीमाभागातील शेतकऱ्याला कन्नडइतकीच मराठीतूनही मिळाली पाहिजे, कारण न समजलेली संमती ही संमती नव्हे.

हे काम विद्यार्थ्यांच्याही आवाक्यातले आहे. घरी कोणती वांगी, कोणता भात, कोणता हुलगा पेरला जातो, त्याचे बी कोठून आले, याची विचारपूस आजी-आजोबांकडे करून ती लिहून ठेवावी. जी गोष्ट आपली म्हणून नोंदलेली आहे, तिच्याविषयी उद्या कोणी आपल्याला विचारल्यावाचून करार करू धजणार नाही.