गुरूच्या हिशेबातली गळती

गुरूच्या चुंबकावरणात, म्हणजे त्याच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या प्रदेशात, दर सेकंदाला साधारण एक टन नवा प्लाझ्मा जमा होतो. तो येतो आयो या उपग्रहाकडून. मार्च १९७९ मध्ये ‘व्हॉयेजर १’ने पाठवलेल्या छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना आयोच्या कडेवर एक धूसर ढग दिसला. पृथ्वीबाहेर पाहिलेला तो पहिला जागृत ज्वालामुखी. या ज्वालामुखींनी ओकलेला सल्फर डायऑक्साइड आयोच्या विरळ वातावरणातून निसटतो, त्याचे रेणू फुटतात, गंधक आणि ऑक्सिजनचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि त्याच क्षणी गुरूच्या चुंबकीय क्षेत्राच्या तावडीत सापडतात.

ही पकड विलक्षण आहे. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि आपल्या क्षेत्ररेषाही सोबत फिरवतो. आयो सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने प्रदक्षिणा घालतो, तर त्याच्या शेजारून जाणारा प्लाझ्मा ७४ किलोमीटर वेगाने! इतक्या वेगाने गरगरणारे जड आयन बाहेर फेकले जायला हवेत. पण विद्युतभारित कणांना क्षेत्ररेषा ओलांडून सहजासहजी जाता येत नाही. मग रेषाच जागा बदलतात. प्लाझ्माने गच्च भरलेली रेषांची जुडी बाहेर सरकते आणि जवळजवळ रिकामी जुडी तिच्या जागी आत येते. डिसेंबर १९९५ मध्ये ‘गॅलिलिओ’ यान आयोजवळून गेले, तेव्हा त्याच्या मॅग्नेटोमीटरने अशा रिकाम्या जुड्या टिपल्या. काही सेकंदांपुरते क्षेत्र किंचित वाढलेले, आणि पुन्हा पूर्ववत. एवढ्याशा खुणेत केवढी मोठी उलाढाल दडलेली होती!

आयोपासून दूर हा प्लाझ्मा पातळ तबकडीसारखा पसरतो आणि क्षेत्ररेषांना बाहेर ताणत नेतो. सूर्याच्या विरुद्ध बाजूला, चुंबकावरणाच्या लांबलचक शेपटीत, हा ताण विकोपाला जातो. तबकडीच्या वरच्या आणि खालच्या, उलट दिशांच्या रेषा एकमेकींना भिडतात आणि नव्याने जुळतात. बाहेरचा तुकडा प्लाझ्मासह सुटून शेपटीतून निघून जातो. त्याला प्लाझ्मॉइड म्हणतात. आतल्या हलक्या झालेल्या रेषा गुरूकडे परततात. हे चक्र शास्त्रज्ञ वासिलिउनास यांनी १९८३ मध्ये मांडले, आणि पुढे ‘गॅलिलिओ’च्या नोंदींत तसे प्लाझ्मॉइड खरोखरच सापडले.

एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण जमाखर्च जुळेना. ‘गॅलिलिओ’च्या नोंदींवरून २०१४ मध्ये केलेल्या एका विश्लेषणात प्लाझ्मॉइडांतून होणारी घट सेकंदाला ०.७ ते १२० किलो निघाली. वरचा आकडा धरला, तरी जमा टनाची आणि खर्च शंभर-सव्वाशे किलोचा! बाकीचा प्लाझ्मा कोणत्या वाटेने जातो?

पीटर डेलामेअर आणि फ्रॅन बॅगेनल या शास्त्रज्ञांच्या मते सौरवारा चुंबकावरणाच्या कडेवर घासतो, तिथे लहान लहान ठिकाणी रेषा जुळतात-तुटतात आणि प्लाझ्मा झिरपत राहतो. मला ही झिरपण्याची कल्पना अधिक पटते. मोठे प्लाझ्मॉइड यानाला ओळखू येतात, बारीक गळती मात्र नोंदींतून सहज निसटते. शेपटीतसुद्धा तसेच असू शकेल. २०१६ पासून गुरूभोवती फिरणाऱ्या ‘जुनो’ यानाने तिथे जेमतेम दहा हजार किलोमीटरच्या आसपासचे प्लाझ्मॉइड टिपले आहेत. पूर्वी सापडलेल्यांपुढे ते अगदीच चिमुकले. असे किती सुटतात, हे आता मोजायला हवे.