पद्मिनीचं बॉनेट आणि फायबरचे साचे

फायबरग्लासच्या गाड्यांवर लिहायचं म्हणजे 1953 च्या शेवरले कॉर्व्हेटपासून सुरुवात करायची, मग 1957 ची लोटस एलिट, मग इंग्लंडमधली टॅमवर्थची रिलायंट, असा रिवाज पडून गेला आहे. आपल्याकडचा अध्यायही लोक असाच सांगतात. रिलायंट किटनवरून बेतलेली बंगळूरची सिपानी डॉल्फिन आली, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस दोन माणसांची सॅन स्टॉर्म आली, आणि दोन्ही गेल्या. हे सगळं खरं आहे, पण त्या गाड्या जन्मतःच फायबरच्या होत्या. मला बोलायचंय ते दुसऱ्या कामाबद्दल. गाडी पत्र्याची, जुनी, छोटी. तिचा एखादा भाग गंजून गेला, बाजारात तो मिळेना, आणि कुणीतरी शेडमध्ये बसून तो फायबरमध्ये हुबेहूब घडवला. या कामाचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. भोसरीच्या आणि कुर्ल्याच्या शेडमध्ये ते झालं, आणि करणाऱ्यांना लिहायला सवड नव्हती.

या कामाची खरी गाडी म्हणजे फियाट. ‘डुक्कर फियाट’पासून 1100 डी पर्यंत आणि पुढे प्रीमियर पद्मिनीपर्यंत. तिचं कुळ वाचकांना सांगायला नको. प्रीमियरचा कुर्ल्याचा कारखाना थंडावला, सुटे भाग आटले, आणि मुंबईच्या खाऱ्या हवेनं उरलंसुरलं पोखरायला घेतलं. बॉनेटच्या कडेला वरचा पत्रा आतल्या पट्टीवर दुमडलेला असतो. त्या दुमडीत पाणी मुरतं आणि गंज आतून बाहेर येतो. वरून रंगाचा एक फुगवटा दिसतो. तो नखानं खरवडला की खाली पत्रा उरलेलाच नसतो. डेंटर लोक त्यावर तुकडा झाळून, पुट्टी मारून देत. दोन पावसाळ्यांत फुगवटा पुन्हा हजर.

काही मंडळी आजही हट्टानं म्हणतात की पत्र्याच्या गाडीला पत्राच हवा, फायबर म्हणजे नकली. दरवाजाखालच्या पट्ट्या, खांब, फ्लोअर यांच्याबाबत मी त्यांच्याच बाजूचा आहे. गाडीचा भार ज्या भागांवर असतो तिथे फायबर लावणं हा गुन्हा आहे. पण बॉनेट आणि डिकी ही झाकणं आहेत. 0.8 मिलिमीटर पत्र्याचं वजन चौरस मीटरला सव्वासहा किलोच्या आसपास भरतं. हातानं रचलेल्या 2 मिलिमीटर फायबरचं साधारण 3 किलो. म्हणजे वजन निम्मं, आणि गंज कायमचा गेला. गाडीची ओळख तिच्या आकारात असते, आणि आकार सच्चा असेल तर आत काय आहे यावरून भांडण्यात मला अर्थ वाटत नाही.

आकार सच्चा ठेवायचा तर सगळं कसब पॅटर्नमध्ये, म्हणजे ज्यावरून साचा घ्यायचा त्या नमुन्यात, आणि साच्यात आहे. माझं उभ्या आयुष्याचं म्हणणं हेच, आणि यावरूनच माझे अनेकांशी खटके उडाले. लोकांना वाटतं काचतंतूंची मॅट अंथरली, रेझिन फासलं की भाग झाला. भाग शेवटच्या दिवशी होतो. त्याआधीचे आठवडे साच्याचे असतात.

हे मला शिकवलं एका पेणच्या म्हाताऱ्या कारागिरानं. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. घरचा गणपतीचा कारखाना. साचा कुठे सुटेल आणि कुठे अडेल हे त्यांच्या बोटांत होतं. गाडीचं त्यांना वेड नव्हतं, स्टिअरिंगही कधी हातात धरलं नसेल. पण बॉनेटची आत वळलेली कड बघितल्याबरोबर ते म्हणाले, ‘‘ही एकसंध निघायची नाही. इथे साचा फोडावा लागेल.’’ म्हणजे साचा दोन तुकड्यांत करायचा, मध्ये उभी पट्टी घ्यायची, तुकडे दर वेळी त्याच जागी बसावेत म्हणून खुणेची भोकं पाडायची आणि नट-बोल्टनं आवळायचं.

पहिलं काम पॅटर्नचं. टॅक्सीत वापरलेलं एकही बॉनेट सरळ नसतं. मामा एकाची डावी बाजू चांगली म्हणून तिच्यावरून पुठ्ठ्याचे फर्मे कापायचे आणि ते उलटे करून उजव्या बाजूला लावून बघायचे. फट दिसेल तिथे पुट्टी, मग घासणं, पुन्हा फर्मा. शेवटी प्रायमर मारून बाराशे नंबरच्या वॉटर पेपरनं घासायचं आणि पॉलिश करायचं. परीक्षा संध्याकाळी. शेडमधली एकच ट्यूबलाइट चालू ठेवायची आणि तिचं प्रतिबिंब पॅटर्नवरून बघत चालायचं. ती पांढरी रेघ जिथे थरथरली तिथे पृष्ठभाग बसलेला आहे. हाताला ते कळत नाही, डोळ्याला उजेडात कळतं. मामा त्या जागी पेन्सिलनं गोल करत आणि दुसऱ्या दिवशी काम पुन्हा तिथूनच सुरू होई.

मग साचा सुटावा म्हणून पॅटर्नवर मेण. एक हात देऊन भागत नाही. थरावर थर, प्रत्येक थर वाळवून, पुसून. त्यावर पीव्हीएचा पातळ पडदा. नंतर जेलकोट, म्हणजे रेझिनचा दर्शनी थर, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. तो बोटाला चिकट लागेल पण बोटावर येणार नाही, अशा वेळी पहिली पातळ मॅट. घाई केली तर मागच्या रेझिनमधलं स्टायरीन कच्च्या जेलकोटला खातं आणि पृष्ठभाग मगरीच्या कातडीसारखा सुरकुततो. पहिल्या थरातला हवेचा प्रत्येक बुडबुडा रोलरनं बाहेर काढायचा. पुढचे जाड थर एका दमात नाही, टप्प्याटप्प्यानं. जाड थर तापतो, तापला की आकसतो, आकसला की साचा वाकतो. साचा भागाच्या दुपटी-तिपटीनं जाड हवा, पाठीला फ्रेम हवी, आणि ती फ्रेम साचा पुरता पिकल्यावरच बसवायची, नाहीतर तिची रेघ पुढच्या बाजूला उमटते.

साच्यातून पहिलं बॉनेट सुटतं तो क्षण मी अनेकदा बघितला, तरी कंटाळलो नाही. कडेला लाकडी पाचरी हलकेच ठोकायच्या, फटीतून पाणी सोडायचं. पीव्हीए पाण्यात विरघळतो, पाणी आत सरकत जातं, ठिकठिकाणी कटकट आवाज येतो आणि भाग एकदम मोकळा होतो. साच्यावर घेतलेली मेहनत जशीच्या तशी त्यावर उतरलेली असते.

भागाचं सांगायचं तर 450 ग्रॅमच्या मॅटचे दोन थर पुरतात, एक थर साधारण मिलिमीटरभर होतो. ‘जाड म्हणजे मजबूत’ म्हणणाऱ्यांनी चार-पाच थर चढवून पत्र्याहून जड बॉनेटं बनवली आणि नाव फायबरचं खराब केलं. ताठपणा जाडीतून आणायचा नसतो, आतल्या बरगड्यांतून आणि वळवलेल्या कडांतून आणायचा असतो. बिजागरी आणि कुलूप येतं तिथे मात्र आत लोखंडी पट्टी गाडलीच पाहिजे. नुसत्या फायबरला भोक पाडून बोल्ट आवळला की भोक मोठं होत जातं, आणि वेगात बॉनेट काचेवर येतं.

मारुती 800 चा काळ मी भराभर ओलांडतो. गाडी गुणी, 1983 पासून 2014 पर्यंत निघाली. पण फायबरच्या दृष्टीनं तिच्या वाट्याला आली ती बॉडीकिटची लाट. रुंद चाकांसाठी फुगवलेल्या मडगार्डच्या कडा, रस्त्याला घासणारे स्कर्ट, डिकीवर पंख. यातलं बहुतेक काम दुसऱ्याच्या तयार भागावरून थेट साचा उचलून झालं. त्या भागातली लाट साच्यात आली, साच्यातली नव्या भागात, आणि ती झाकायला वर पुट्टी. पुट्टीचा जाड थर फायबरबरोबर लवत नाही, वर्षभरात तडकतो. ज्यांनी हे विकलं ते स्वतःला डिझायनर म्हणवत. मी त्यांना कधी कारागीर मानलं नाही.

कायद्याची बाजूही त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितली नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ नोंदीशी विसंगत असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच ठणकावून सांगितलं. त्यातच 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आले. तिथेही गाडी मूळ रूपात हवी, सांगाड्यात मोठे फेरफार चालत नाहीत. आपल्या सुरुवातीच्या पद्मिनी आता पन्नाशीला पोचल्या आहेत. त्यामुळे कोणताही भाग बदलण्याआधी आरटीओत जाऊन विचारा.

आता शेडमध्ये जातो तेव्हा जीव तुटतो. पोरं मोबाइलवर बघून थर्माकोल कोरतात आणि त्यावर थेट पॉलिएस्टर रेझिन ओततात. थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. वजनकाटा गेला, हार्डनर अंदाजानं पडतो. रेझिनला वेग देणारा कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर भडका उडतो, कोबाल्ट आधी रेझिनमध्येच ढवळायचा असतो, हेसुद्धा सांगायला कुणी उरलं नाही. काचेच्या धुळीत तोंडाला फडकंही न बांधता घासणारी मुलं बघून मला राग येतो तो मुलांचा नाही, मालकांचा. पावसाळ्यात ओल धरलेली मॅट तशीच वापरली जाते, आणि सहा महिन्यांनी रंगाखाली फोड आले की दोष फायबरवर जातो.

सगळ्यात मोठं नुकसान साच्यांचं. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत पद्मिनी टॅक्सीचा शेवट झाला तेव्हा भरभरून लेख आले, फोटो आले. त्याच सुमारास जागा हवी म्हणून शेडवाल्यांनी जुने साचे फोडले. भंगारवालाही फायबर घेत नाही. ते वितळत नाही, परत वापरता येत नाही. एक गाडी गेली तर एक जाते. साचा गेला की त्यातून निघू शकणारे सगळे भाग जातात, आणि तो पुन्हा करायचा तर सरळ पॅटर्न आणायचा कुठून?

म्हणून ज्यांच्याकडे फियाटचा किंवा जुन्या 800 चा एखादा साचा माळ्यावर पडून असेल त्यांना माझी विनंती आहे. तो फोडू नका. धुवा, मेणाचा हात द्या, सावलीत, सपाट टेकू देऊन ठेवा. भिंतीला तिरका उभा करू नका, वाकेल. आणि शक्य असेल तर त्यातून एक भाग काढून पुन्हा त्यातच बसवून ठेवा. आत भाग असला की साच्याचा आकार हलत नाही.