युद्ध, शांती आणि विनोद

विडंबन हा शब्द कानी पडताच पुष्कळ सुजाण माणसांच्या कपाळाला आठी पडते. थोरामोठ्यांच्या कृतीची टवाळी करणे म्हणजे विडंबन, अशीच त्यांची समजूत असते. दुसरीकडे, कशाचीही टर उडवली की आपण विनोदी ठरलो, असे मानणारेही काही कमी नाहीत. या दोन्ही समजुती कितपत खऱ्या आहेत, हे पाहण्यासाठी आम्ही एक परदेशी चित्रपट निवडला आहे. त्याचे नाव 'लव्ह अँड डेथ', म्हणजे 'प्रेम आणि मृत्यू'. वुडी ॲलन या अमेरिकन विनोदकाराने तो लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यातील नायकाचे कामही स्वतःच केले. १९७५ साली तो प्रदर्शित झाला.

कर्जत-खालापूरच्या श्रोत्यांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. चौकजवळ कै. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली उभारलेल्या स्टुडिओत 'जोधा अकबर' या २००८ सालच्या चित्रपटासाठी मोगलांचे महाल उभे राहिले. आणि याच खालापूर तालुक्यात उंबरखिंड आहे. तेथे फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी शायिस्तेखानाचा सरदार कारतलबखान याची कोंडी करून त्याला शरण यावयास लावले. खरी रणभूमी आणि रंगवलेला महाल ही दोन्ही ज्यांच्या अंगणात आहेत, त्यांनी 'इतिहासाकडे पाहून हसता येते काय?' हा प्रश्न विचारावयाचा नाही, तर कोणी विचारावयाचा?

आता चित्रपटाची कथा. काळ नेपोलियनच्या स्वाऱ्यांचा. बोरिस हा रशियन तरुण चष्मिस्ट, भित्रा आणि बडबड्या आहे. घरचे त्याला बळेच लढाईवर पाठवतात. तेथे जीव वाचवण्यासाठी तो तोफेच्या नळीत लपतो. तोफ उडते, स्वारी थेट शत्रूच्या सेनापतींच्या तंबूवर जाऊन आदळते, आणि भित्रा बोरिस वीर म्हणून मिरवू लागतो. पुढे सोनिया या दूरच्या बहिणीशी त्याचे लग्न होते. नेपोलियनचा वध करावयाचा, असे तिच्या मनाने घेतले आहे. कट फसतो आणि बोरिस पकडला जातो. देवदूत येऊन त्याला 'तुला माफी मिळेल' असे आश्वासन देतो. सकाळ होते, माफी काही येत नाही, आणि नायक गोळीला बळी पडतो.

एवढ्यावरून हा निव्वळ पोरखेळ वाटेल. परंतु यातला जवळजवळ प्रत्येक विनोद कोठून तरी उचललेला आहे. 'युद्ध आणि शांती', 'गुन्हा आणि शिक्षा', 'पिता आणि पुत्र' ही रशियन शीर्षकांची जोडनावे ज्याला ठाऊक आहेत, त्याला चित्रपटाच्या नावातच पहिले हसू येते. तुरुंगातल्या एका प्रसंगात बोरिस आणि त्याचा बाप गावगप्पा करतात. त्या गप्पांत डोस्टोव्हस्कीच्या पुस्तकांची नावे आणि पात्रे एकामागून एक गुंफलेली आहेत. रशियन साहित्यात जमिनीचे प्रेम फार. म्हणून बोरिसचा बाप आपल्या मालकीचा जमिनीचा तुकडा कोटात घालूनच हिंडतो! माफीच्या प्रसंगामागे तर एक खरी घटना उभी आहे. १८४९ सालच्या डिसेंबरात डोस्टोव्हस्कीला देहान्ताच्या शिक्षेसाठी वधस्थानी उभे केले होते, आणि अगदी अखेरच्या क्षणी शिक्षा रद्द झाल्याचे सांगण्यात आले. चित्रपटाने ती घटना उलटी फिरवली आहे. पार्श्वसंगीतासाठीदेखील रशियन संगीतकार प्रोकोफिएव्ह याच्याच रचना घेतल्या आहेत.

येथे एक आक्षेप निघेल. ज्या स्वारीत लाखो माणसे मेली, तिची अशी थट्टा करणे शोभते काय? याचे उत्तर खुद्द टॉलस्टॉयच्या ग्रंथात सापडते. बोरोदिनोच्या घनघोर लढाईत त्याने पियेरला पांढरी टोपी घालून, बघ्यासारखा, तोफांच्या मधोमध हिंडवले आहे. पिस्तूल नीट धरता न येणाऱ्या याच पियेरच्या हातून द्वंद्वयुद्धात पट्टीचा नेमबाज जखमी होतो. पुढे मॉस्कोत नेपोलियनला मारण्याचा बेत आखणारा आणि तो तडीस नेऊ न शकणारा माणूसही हाच. तरुण निकोलाय रोस्तोव्ह एका चकमकीत पिस्तूल झाडावयाचे सोडून शत्रूच्या अंगावर फेकतो आणि पळत सुटतो. युद्ध म्हणजे सेनापतींच्या बुद्धिबळाचा डाव नव्हे. तो एक गोंधळ असतो आणि त्याला शिस्तीचे रूप मागाहून बखरकार देतात, हे टॉलस्टॉयचेच म्हणणे आहे. वुडी ॲलनने त्या म्हणण्याला गुदगुल्या केल्या, इतकेच. चांगला विडंबनकार मूळ लेखकाच्या घरात चोरून शिरत नाही. त्याच घराची एक बंद खोली तो उघडून दाखवतो.

आपल्याकडे हे नवीन नाही. आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' प्रसिद्ध केली. त्यात रविकिरण मंडळाच्या काव्यशैलीची रेवडी उडवलेली आहे. पण ती उडवण्याआधी त्यांनी ती वृत्ते आणि ते शब्द पुरते आत्मसात केले होते. पु. ल. देशपांडे यांनी गोगोलच्या रशियन नाटकाला १९५२ साली मराठी पेहराव चढवला, तो 'अंमलदार' या नावाने. आणि वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मधील राजा आणि कोतवाल यांनी सत्तेच्या डामडौलाची जी फजिती करून दाखवली, तिला प्रेक्षकांनी मनमुराद दाद दिली.

सत्तेने या हसण्याकडे कसे पाहिले, तेही पाहावे. गोगोलचे मूळ नाटक १८३६ साली रंगभूमीवर आले ते झार निकोलस पहिला याच्या संमतीने, आणि पहिल्या प्रयोगाला तो जातीने हजर होता. त्याच रशियात जानेवारी २०१८ मध्ये 'द डेथ ऑफ स्टालिन' या विनोदी चित्रपटाचा परवाना प्रदर्शनाच्या तोंडावर काढून घेण्यात आला. एकछत्री झारला जे पचले, ते पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतरच्या सरकारला पचले नाही!

मग मर्यादा म्हणून काही नाहीच काय? आहे, आणि आमच्या मते ती दुहेरी आहे. पहिली अधिकाराची. ज्याने मूळ वाचले नाही, त्याने त्याची नक्कल करू नये. दुसरी रोखाची. हसू पडावे ते डौलावर, दंभावर आणि भाडोत्री शौर्यावर; मातीसाठी मेलेल्यांवर नव्हे. उंबरखिंडीचेच घ्या. मूठभर मावळ्यांच्या धैर्याची चेष्टा कोणाला सुचणार नाही, सुचू नये. पण फौजेचा एवढा बडेजाव घेऊन आलेला खान अरुंद घळीत असा अडकतो की पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही, यात विनोदाचे बीज नाही, असे कोण म्हणेल?

इतिहासाविषयी आपल्या समाजाला दोनच वृत्ती अंगवळणी पडल्या आहेत: मुजरा करणे किंवा भांडणे. या दोहोंसाठी वाचनाची गरज पडत नाही. जयंतीची मिरवणूक आणि चौकातले फलक पुरतात. जाणकारीने हसावयाचे, तर मात्र आधी बखर वाचावी लागते, कादंबरी वाचावी लागते, शंका विचारावी लागते. रशियन साहित्य जगाने इतके वाचले, की एका अमेरिकन माणसाने केलेली त्याची नक्कल देशोदेशींच्या प्रेक्षकांना कळली. विडंबन सोसणे ही त्या साहित्याची नाचक्की नसून त्याच्या चिरंजीवित्वाची पावती आहे. आपल्या इतिहासाला आणि वाङ्मयाला अशी पावती मिळावी असे वाटत असेल, तर भिंतीवरच्या तसबिरीला हार घालताना कपाटातले पुस्तकही खाली काढावे लागेल.