एका चौरसातील कीटकसृष्टी

कागदातून सूक्ष्म काम करणाऱ्या आजच्या कलावंतांविषयी लिहावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा प्रथम दृष्टीसमोर आली ती कात्रीची आणि सुरीची कामगिरी. डेन्मार्कचा पीटर कॅलेसन कचेरीत रोज वापरल्या जाणाऱ्या साध्या पांढऱ्या ए-४ कागदातून एक आकृती कापून काढतो, आणि कापलेल्या त्याच तुकड्यातून एखादे शिल्प उभारून ते त्या कागदावरच ठेवतो. त्यामुळे वस्तू आणि तिच्या जाण्याने पडलेली पोकळी ही दोन्ही प्रेक्षकाला एकत्र पाहावयास मिळतात. चीनचा ली होंगबो हजारो पातळ कागद ठराविक जागी चिकटवून त्या थरांतून अभिजात धाटणीची मस्तके कोरतो; ती दुरून संगमरवरी वाटतात, आणि ओढली असता जाळीसारखी लांबच लांब पसरतात. या दोघांच्या कौशल्याविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु माझे चित्त अखेर ज्या कलेपाशी खिळून राहिले, तिच्यात कात्रीही वर्ज्य आहे आणि गोंदही. एक चौरस कागद, दोन हात, आणि घडीवर घडी, एवढ्याच भांडवलावर सहा पायांचा, दोन शृंगिकांचा, पंख मिटून बसलेला भुंगा निर्माण करावयाचा, हा या कलेचा दंडक आहे.

जपानमध्ये ही घडीकला शतकानुशतके चालत आलेली असली, तरी तिला आजची प्रतिष्ठा मिळवून दिली ती अकिरा योशिझावा या पुरुषाने. तोचिगी प्रांतात १९११ साली जन्मलेल्या योशिझावांनी तरुणपणी कारखान्यात नोकरी केली, तेथे नवशिक्या कामगारांना भूमिती समजावून देण्यासाठी ते कागदाच्या घड्यांचा उपयोग करीत, आणि पुढे या एका ध्यासापायी नोकरी सोडून दारोदार खाद्यपदार्थ विकून त्यांनी अनेक वर्षे हलाखीत काढली. १९५४ साली त्यांचे पुस्तक निघाले, आणि त्यात त्यांनी तुटक रेषा व बाण यांची जी चिन्हपद्धती योजिली, तिच्यामुळे एका देशात सुचलेली आकृती दुसऱ्या देशातील अनोळखी माणसाला भाषेच्या मदतीवाचून घडविता येऊ लागली. जाड कागद किंचित ओलावून त्याला मूर्तीसारखी गोलाई देण्याची रीतीही त्यांचीच. १९८३ मध्ये जपानच्या सम्राटांकडून त्यांचा सन्मान झाला, आणि २००५ साली, आपल्या ९४व्या जन्मदिनी, ते निवर्तले.

मात्र योशिझावांची प्रतिभा हातातून वाहत होती. ती दुसऱ्याला शिकविता येईल अशी शास्त्रीय पद्धत नव्हती. तशी पद्धत ज्यांनी घडविली त्यांत अग्रभागी असलेल्या एका अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाविषयी मला येथे विस्ताराने लिहावयाचे आहे. रॉबर्ट लँग यांचा जन्म १९६१ सालचा. कॅलिफोर्नियातील कॅलटेक या विख्यात संस्थेत त्यांनी उपयोजित भौतिकीतील डॉक्टरेट मिळविली, अंतराळ संशोधनाशी निगडित अशा प्रयोगशाळेत लेसर किरणांवर काम केले, अनेक पेटंटे आपल्या नावावर जमा केली, आणि २००१ साली या सुस्थिर व्यवसायाचा राजीनामा देऊन उरलेले आयुष्य कागदाच्या घडीला वाहून टाकले.

त्यांनी जो प्रश्न हाती घेतला तो वरकरणी साधा आहे. चौरसाला कोपरे चार. म्हणून जुन्या परंपरेतील बगळ्याला चोच, शेपूट आणि दोन पंख अशी चारच टोके सहज मिळतात. भुंग्याला आठ-दहा टोके हवीत, आणि तीही निरनिराळ्या लांबीची. ती आणावयाची कोठून? लँग यांनी, आणि जपानमध्ये स्वतंत्रपणे तोशियुकी मेगुरो यांनी, याचे जे उत्तर शोधले ते वर्तुळांत आहे. कागदातून एखादा पाय बाहेर काढावयाचा, तर त्या पायाचे टोक कागदावर जेथे असेल त्या बिंदूभोवती, पायाच्या लांबीएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ त्या पायाच्या मालकीचे होते. त्यातील कागद दुसऱ्या कोणत्याही अवयवाला देता येत नाही. तेव्हा कीटकाचा आराखडा म्हणजे एका चौरसात लहानमोठी वर्तुळे परस्परांवर न चढता बसविण्याचा प्रश्न होतो, आणि डब्यात लाडू रचणाऱ्या गृहिणीला जी काटकसर सुचते तीच येथे गणितज्ञाला साधावी लागते. यात एक सुंदर गोम आहे. टोक चौरसाच्या कोपऱ्यावर घेतले तर वर्तुळाचा केवळ चतुर्थांश कागद खर्ची पडतो, कडेवर घेतले तर अर्धा, आणि मध्यभागी घेतले तर सबंध वर्तुळ द्यावे लागते. म्हणून कोपरे आणि कडा ही या मुलखातील सर्वांत मोलाची जमीन होय, आणि कोणता अवयव तेथे वसवावा व कोणता मध्यभागी ढकलावा यावर साऱ्या आकृतीचे बरेवाईट अवलंबून राहते. धड आणि मान यांसारख्या ज्या अवयवांना टोक नसते, त्यांच्यासाठी वर्तुळांच्या मधून समान रुंदीचे पट्टे राखून ठेवावे लागतात. त्यांना या मंडळींनी नद्या असे नाव दिले आहे.

या तत्त्वावर लँग यांनी 'ट्रीमेकर' ही संगणकप्रणाली रचली. हव्या त्या प्राण्याची काड्यांची आकृती तिला सांगितली, म्हणजे घड्यांच्या रेषांचा संपूर्ण नकाशा ती काढून देते. हा नकाशा पाहताना मला जे वाटले त्याला विस्मय हाच शब्द योग्य आहे. त्यात भुंगा कोठेही दिसत नाही. दिसते ती त्रिकोणांची आणि बहुभुजांची एक शांत, प्रमाणबद्ध जाळी. त्या जाळीतील प्रत्येक अंतर्गत बिंदू दोन नियम पाळतो. तेथे मिळणाऱ्या उंचवट्याच्या घड्या आणि खोलगट घड्या यांच्या संख्येत नेहमी दोनाचेच अंतर असते, आणि एकाआड एक कोनांची बेरीज १८० अंशच भरते. पहिला नियम माएकावा यांच्या नावाने आणि दुसरा कावासाकी यांच्या नावाने ओळखला जातो. कोणताही कागद आडवातिडवा पण सपाट दुमडून पुन्हा उलगडावा, आणि वाचकांनी हे स्वतः पडताळून पाहावे.

येथे एका भारतीय अधिकाऱ्याचे स्मरण करणे अगत्याचे आहे. मद्रास इलाख्यात सरकारी नोकरीत असलेल्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासेत एक इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. बालोद्यानात मुलांना दिल्या जाणाऱ्या घडीच्या कागदांवरून त्यांना तो सुचला, आणि पट्टी-कंपासाऐवजी केवळ घड्यांनी भूमिती कशी सिद्ध करावी हे त्यात त्यांनी दाखविले. घनमूळ मात्र घडीने काढता येणार नाही असा त्यांचा समज होता. १९३६ साली मार्गारिटा बेलोक या इटालियन विदुषीने तेही साधते हे सिद्ध केले. तरीही आज घडीचे म्हणून जे शास्त्र उभे आहे, त्याच्या आरंभीच्या दस्तऐवजांत या ग्रंथाची गणना होते, आणि आपल्याकडे त्याची आठवण किती थोड्यांना आहे हे पाहून खेद होतो.

या शास्त्राचा व्यवहारातील उपयोग आता सर्वमान्य आहे. कोर्यो मिउरा यांनी योजिलेली घडी एका हिसक्यात उघडते व मिटते, म्हणून १९९५ मध्ये सोडलेल्या एका जपानी उपग्रहावरील सौरपटलासाठी ती वापरली गेली. मोटारीतील सुरक्षापिशवी कशी दुमडावी आणि प्रचंड दुर्बिणीचे भिंग यानात कसे मावेल, या प्रश्नांवर स्वतः लँग यांचा सल्ला घेतला गेला. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला चिंता वाटते ती निराळ्या गोष्टीची.

पहिली अडचण अशी की, नकाशा काढला म्हणजे भुंगा झाला असे नाही. यंत्र रेषा देते, त्यांचा क्रम देत नाही. कित्येकदा शेकडो घड्या एकाच वेळी, एकमेकींना सांभाळत, आत ओढून घ्याव्या लागतात, आणि एखादी चुकीच्या बाजूला वळली तर कागदावर तिचा वण कायमचा राहतो. दिलेला नकाशा सपाट दुमडेल की नाही, एवढे ठरविणेसुद्धा संगणकाला अत्यंत दुष्कर आहे, हे बर्न आणि हेज या संगणकशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये सिद्ध केले आहे. शिवाय पाय बाहेर आले तरी त्यांना सांधे द्यावयाचे, पाठीला बाक द्यावयाचा, कीटक जिवंत वाटेल असे करावयाचे, हे काम पूर्वीसारखेच बोटांचे आणि डोळ्यांचे आहे. सातोशी कामिया यांचा खवल्याखवल्यांनी मढलेला 'र्‍यूजिन' नावाचा ड्रॅगन घडविणाऱ्याला कित्येक आठवडे एकाच कागदापाशी बसावे लागते. असा कागदही सहज मिळत नाही. तो तलम हवा, आणि पन्नास थर एकावर एक आले तरी न फाटणारा हवा. मायकेल लाफोस आणि रिचर्ड अलेक्झांडर या दोघांनी अमेरिकेत केवळ या कामासाठी हातकागद करावयास घेतला, तो याच अडचणीमुळे.

दुसरी अडचण मालकीची. घड्यांचा नकाशा ही कोणाची निर्मिती? लँग आणि इतर काही रचनाकार यांचे नकाशे घेऊन, त्यांत रंग भरून, एका चित्रकर्तीने मोठाली चित्रे केली, तेव्हा २०११ साली या मंडळींना न्यायालयात फिर्याद करावी लागली. प्रकरण २०१३ मध्ये तडजोडीने मिटले. पण न्यायालयाचा निर्णय झालाच नाही, आणि मूळ प्रश्न होता तेथेच राहिला.

तिसरी अडचण कागदाच्या जातीतच आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या अल्टाडेना या वसाहतीवरून ईटनचा वणवा गेला, आणि त्यात लँग यांची कार्यशाळा जळाली. अनेक दशकांच्या घड्या तिच्यासोबत गेल्या. शिल्पकाराचा दगड अशा आगीतून काळवंडून तरी उरतो. येथे उरण्यासारखे काहीच नव्हते. त्यांच्या पुष्कळ कीटकांचे नकाशे ग्रंथांत छापलेले आहेत, हे खरे, आणि ते वाचून तीच आकृती पुन्हा घडविता येते, हेही खरे. परंतु त्यासाठी तो नकाशा वाचणारे आणि आठवडेच्या आठवडे घडीपाशी बसणारे हात पाहिजेत, आणि ते हात पैदा करण्याची कोणतीही व्यवस्था आपल्या शाळांत नाही. सुंदर राव यांचा ग्रंथ आता स्वामित्वहक्कातून मुक्त आहे. गणिताच्या शिक्षकांनी तो मिळवावा, आणि भूमितीच्या पहिल्या तासाला वर्गातील प्रत्येक मुलाच्या हाती एक चौरस कागद द्यावा, एवढी माझी त्यांना विनंती आहे.