सात अक्षरांचा घोष

१९२८ च्या सत्याग्रहामुळे आपल्या बारडोलीचा स्वराज आश्रम तुम्हांस ठाऊक आहेच. डिसेंबर १९४१ मध्ये गांधीजी सेवाग्रामहून तेथे मुक्कामास आले. त्याच महिन्यात जपान युद्धात उतरला आणि सेवाग्राम आश्रमात राहणाऱ्या एका जपानी भिक्षूला सरकारने पकडून नेले.

हा भिक्षू निचिदात्सु फूजी यांच्या पंथाचा. फूजी १९३३ मध्ये वर्ध्यास गांधीजींना भेटले होते. पंख्याच्या आकाराच्या हातढोलावर ठेका धरून ‘नामू म्योहो रेंगे क्यो’ असा घोष करणे ही त्यांची उपासना. भिक्षू गेला, परंतु त्याचा घोष प्रार्थनेतून गेला नाही; शत्रुराष्ट्राची भाषा म्हणून तो वगळावा असे गांधीजींस वाटले नाही. सेवाग्रामच्या सर्वधर्मप्रार्थनेचा आरंभ आजही त्यानेच होतो.

हे शब्द परके वाटतात खरे, पण ‘नामू’ म्हणजे आपलेच ‘नमः’. पुढील पाच अक्षरे हे ‘सद्धर्मपुंडरीक’ या संस्कृत सूत्राचे नाव होय. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये त्याचे चिनी भाषांतर केले; जपानात निचिरेन या आचार्याने १२५३ पासून त्या नावाचाच घोष सुरू केला. आपल्या देशातून गेलेले नमन असे दूरचा प्रवास करून वर्ध्यास परतले.

गेल्या सुटीत सेवाग्रामला चार दिवस राहण्याचा योग आला. माझी मायबोली कोंकणी, शिकवायचे मराठीतून, बाजारात गुजराती. तेव्हा सात अक्षरांचे ते काय, असा माझा समज! पहिल्या सायंकाळी ‘म्यो’ हे एक अक्षर मी ‘मियो’ असे दोन तुकड्यांत म्हटले, आणि इतरांचा श्वास पुरा होण्याआधीच पुढील आवर्तनास लागलो. शेजारच्या वृद्ध बाई हळूच म्हणाल्या, “गुरुजी, आधी ऐका, मग म्हणा.” शिक्षकाला हे ऐकून घेणे सोपे नसते. दुसऱ्या दिवशी मी ओठ मिटून बसलो. तिसऱ्या दिवशी माझा आवाज मला निराळा ऐकू येईनासा झाला.

वर्गात कोणी चुकले की शब्द पुरा होण्याआधीच तो सुधारण्याची मला खोड होती. परवा गुजराती बोलणाऱ्या घरातील एक मुलगी ‘चाक’ शब्दातील ‘च’पाशी तीनदा अडखळली. वर्गात थोडी खसखस पिकली. मी गप्प राहिलो. चौथ्या वेळी तिला तो साधला.