दूरच्या समुद्रांतील बुडी

फिलिपाईन्समधील पालावान बेटाच्या प्वेर्तो प्रिन्सेसा बंदरापासून सुमारें १५० किलोमीटर आग्नेयेस, सुलू समुद्रांत, तुब्बताहा नांवाचीं प्रवाळद्वीपें आहेत. १९९३ सालीं युनेस्कोनें त्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. तेथें ना गांव, ना धर्मशाळा. वस्ती काय ती पहारेकऱ्यांची. म्हणून पाणबुड्या प्रवाशास जहाजावरच जेवावें व निजावें लागतें. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत समुद्र शांत असतो. त्या दिवसांत पाठीवर हवेची टाकी बांधून हे प्रवासी रोज तीन-चार वेळां बुडी मारतात आणि शार्क व कासवें डोळे भरून पाहतात.

परंतु या सुखास एक अट आहे. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि श्वासाबरोबर घेतलेला नायट्रोजन वायु रक्तमांसांत विरघळूं लागतो. सोडावॉटरची बाटली एकदम उघडली म्हणजे जसे बुडबुडे उसळतात, तसेच ते घाईनें वर येणाऱ्याच्या शरीरांत उसळतात. सांधे ठणकतात, प्रसंगीं पाय लुळे पडतात. यावर खरा उपचार म्हणजे दाब वाढविणारी बंद कोठडी. ती जहाजावर सहसा नसते आणि किनारा तर रात्रभराच्या अंतरावर!

यास्तव जाणता पाणबुड्या मिनिटास ९ मीटरांहून अधिक वेगानें वर येत नाहीं, ५ मीटरांवर तीन मिनिटें थांबतो आणि श्वास कधींहि कोंडून धरीत नाहीं. शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास तो विमानांतहि बसत नाहीं, कारण उंचावर दाब आणखी घटतो. मासे उद्यांहि तेथेंच असणार. पाहणाऱ्यानें मात्र तोंवर धड राहिलें पाहिजे.