प्रकटीकरण ग्रंथ व ख्रिस्ती उपासना

बायबलच्या नव्या करारातील २७ वा व अखेरचा ग्रंथ ‘प्रकटीकरण’ या नावाने ओळखला जातो. त्यात २२ अध्याय आहेत. परंपरेने तो प्रेषित योहानाचा मानला जातो. तथापि ॲलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशिअस याने भाषाशैलीच्या आधारे तिसऱ्या शतकातच याविषयी शंका घेतली होती. पॅटमॉस बेटावर असताना ग्रंथकर्त्यास झालेल्या दृष्टान्तांचे हे निवेदन आशिया मायनरमधील सात ख्रिस्तमंडळ्यांना उद्देशून आहे. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ रोमन सम्राट डोमिशन याच्या कारकीर्दीचा (८१–९६) अखेरचा भाग मानतात.

हा ग्रंथ भविष्यकथनाचा म्हणून प्रसिद्ध असला, तरी मुळात तो उपासनेचा ग्रंथ होय. दृष्टान्त घडतो तो ‘प्रभूच्या दिवशी’, म्हणजे रविवारी. आणि प्रारंभीच ग्रंथ मोठ्याने वाचणाऱ्यास व ऐकणाऱ्यांस धन्य म्हटले आहे. अर्थात तो सभेत वाचला जावा, हीच अपेक्षा होती. चौथ्या व पाचव्या अध्यायांत स्वर्गीय सिंहासन, त्याभोवती २४ वडील व चार प्राणी, अखंड चाललेला त्रिवार ‘पवित्र’ असा घोष, आणि भक्तांच्या प्रार्थना ज्यांत धुपाच्या रूपाने साठविल्या आहेत अशी सुवर्णपात्रे यांचे वर्णन येते. सात मुद्रांनी बंद केलेले पुस्तक उघडण्यास केवळ वधलेला कोकरा पात्र ठरतो. ही प्रतिमासृष्टी यशया, यहेज्केल व दानीएल यांच्या ग्रंथांतून आलेली आहे. श्वापदाच्या रूपकामागे सम्राटपूजा लादणारी रोमन सत्ता असल्याचे सामान्यतः मानले जाते. वंदन कोणाला करावे, हा त्या श्रोत्यांपुढे जीवनमरणाचा प्रश्न होता; जगाच्या अंताची तिथी काढू पाहणारे वाचक नेमकी हीच गोष्ट विसरतात.

असे असूनही अनेक चर्चपरंपरांनी हा ग्रंथ उपासनेत वाचण्याचे टाळले. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या वाचनक्रमात तो नाही. इंग्लंडच्या चर्चमध्येही काही सण सोडल्यास १८७१ पर्यंत त्याला दैनंदिन वाचनात स्थान नव्हते. ‘पेशित्ता’ या सिरियाक बायबलाच्या मूळ नव्या करारात तर २२ च ग्रंथ होते. प्रकटीकरण त्यांत नव्हते. केरळच्या सेंट टॉमस ख्रिस्ती समाजाकडे हीच परंपरा आली. उदयंपेरूरच्या धर्मसभेत (१५९९) पोर्तुगीजांच्या पुढाकाराने हे उणे ग्रंथ समाविष्ट करण्याचा आदेश निघाला.

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशात या इतिहासाला विशेष महत्त्व येते. १९६२ मध्ये सिरो-मलबार कॅथलिक चर्चला केरळबाहेर मिळालेले पहिले स्वतंत्र कार्यक्षेत्र म्हणजे ‘चांदा’. त्याला १९७७ मध्ये धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. मुख्य पीठ बल्लारपूर येथे आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला, पण धर्मप्रांताचे जुने नाव टिकले. १९९९ मध्ये त्यातून आदिलाबाद धर्मप्रांत वेगळा करण्यात आला.

या चर्चच्या मुख्य उपासनेस ‘कुर्बाना’ म्हणतात. तिच्या सर्वांत विधियुक्त प्रकाराचे नाव ‘राझा’. या सिरियाक शब्दाचा अर्थच ‘रहस्य’ असा आहे. रहस्य म्हणजे येथे दडवून ठेवलेली गोष्ट नव्हे. जिच्यात सहभागी होऊनच जी कळते ती गोष्ट. परंपरेनुसार गाभाऱ्यापुढे पडदा असतो. तो उघडणे म्हणजे स्वर्ग उघडणे. धूप आहे, देवदूतांसमवेत म्हटलेला त्रिवार ‘पवित्र’ आहे, वेदीवर कोकऱ्याचे स्मरण आहे. म्हणजे प्रकटीकरणातील जवळजवळ सर्व सामग्री येथे उपस्थित आहे. पूर्व सिरियाक परंपरेच्या वाचनात मात्र तो ग्रंथ नव्हता! याचे कारण उघड आहे: दृष्टान्त आणि उपासना यांचा उगम एकच, तो म्हणजे यशयाचे सहाव्या अध्यायातील दर्शन व यरुशलेमच्या मंदिरातील विधी. वार्षिक कालचक्राचा शेवटही अशाच कल्पनेने होतो. अखेरच्या चार आठवड्यांत चर्च ही वधू स्वर्गीय वराच्या घरी जाते, असे मानले जाते.

याच प्रदेशात १९ व्या शतकात स्कॉटिश एपिस्कोपल मिशनने कार्य केले. त्या परंपरेतील मंडळ्या १९७० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर भारतीय चर्चमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आल्या. त्यांच्याकडे प्रकटीकरण मराठी बायबलातून थेट वाचले जाते. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही हा ग्रंथ अखेरचाच आहे.